एकशे सात चेंडू

तुमचा मुलगा जिंकता जिंकता त्याचा हात धरून त्याला मैदानाबाहेर काढणारा माणूस तुम्ही कामावर ठेवाल का? घाईने हो म्हणू नका. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून तुम्ही बसला आहात, कप हाताच्या अंतरावर आहे आणि सगळे तुमच्या मुलाच्या नावाने ओरडत आहेत, असं धरून उत्तर द्या.

रियाधमध्ये नोव्हेंबरात एक सकाळ अशी येते की घरातलं कुणीतरी एसी बंद करतं आणि सात महिने कानात बसलेली घरघर एकदम थांबते. मग बाकीचं ऐकू येऊ लागतं. खालच्या बकाल्याचं, म्हणजे किराणा दुकानाचं, शटर, खिडकीच्या पत्र्यावरची कबुतरं, शेजारच्या मल्याळी घरातला कुकर. हवेला वास नसतो, पण धार असते. उन्हाळाभर बंद असलेली खिडकी उघडताना चौकटीतली लाल धूळ हातावर सांडते. हीच सकाळ आमच्या कॉलेजात बेसबॉलचा हंगाम घेऊन यायची. ती तारीख कुणी फलकावर लावत नसे. एसी बंद झाला की चार वाजता मैदानावर जायचं, एवढं सगळ्यांना माहीत असे.

यंदाही ती सकाळ आली. गेल्या मंगळवारी. मी सवयीने चार वाजता गेलो. फाटकाला कुलूप होतं. आमचे मुख्य प्रशिक्षक इंगोले सर घरी बसून आहेत, आणि महिनाअखेर कॉलेजची समिती त्यांना ठेवायचं की काढायचं ते ठरवणार आहे. काढलं तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर इकामा जाईल, म्हणजे या देशात राहण्याचा परवाना. शिवाय एकोणीस वर्षांच्या कामाखाली दोन शब्द उरतील: खोटी नोंद. मग कुठलंही कॉलेज, कुठलीही शाळा त्यांना दारात उभं करणार नाही.

नोंद खोटी आहे, हे खरं आहे. ती सरांनी केली नाही. मी केली.

बेसबॉल माहीत नसेल तर एवढंच पुरे. आपल्याकडच्या गोलंदाजाच्या जागी इथे पिचर असतो. तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि सगळ्या अंगाचा पीळ एका कोपरातून काढून चेंडू फेकतो. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की दुसरा येतो. इथे एकच मुलगा टाकत राहतो, तासन् तास, नऊ डाव. कोपराच्या आत बोटाएवढा एक दोर असतो, त्यावर हा सगळा खेळ चालतो. तो दोर तुटला की पुन्हा तसा होत नाही. म्हणून सरांचा एक नियम होता: नव्वद. नव्वदावा चेंडू पडला की पिचर बाहेर. समोर कोण बसलंय, कप कुठे आहे, किती आऊट राहिलेत, काही विचारायचं नाही.

सर अमरावतीकडचे. हा खेळ आपल्याकडे कुणी खेळत नाही असं म्हणणाऱ्याला ते त्यांच्या तालुक्यातल्या चार मैदानांची नावं सांगत. चांभाराकडून शिवून घेतलेल्या ग्लव्हने ते खेळायला शिकले. विद्यापीठाच्या संघात पिचर होते. एका स्पर्धेत त्यांच्या प्रशिक्षकाने त्यांना एका दिवसात तीन सामने टाकायला लावले. तेव्हापासून त्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नाही. सलाम करतानाही ते मान खाली आणतात. इकडे आले ते रास अल खैरच्या एका कंपनीच्या कॅम्पवर, कामगारांचे खेळ घ्यायला. तिथे त्यांनी बांधकामाच्या उरलेल्या जाळीचा पिंजरा उभा केला आणि क्रेन चालवणाऱ्या माणसांना बॅट धरायला शिकवलं. नंतर आमच्या कॉलेजने बोलावलं. पहिली तीन वर्षं संघ एकही सामना जिंकला नाही. चौथ्या वर्षी एक जिंकला, तोही समोरच्यांची बस रस्त्यात बंद पडून चौघे उशिरा आले म्हणून. सर हे अभिमानाने सांगत.

ते गोड माणूस नव्हते. कौतुक त्यांच्या तोंडून बाहेर पडायला हंगाम लागायचा. उशिरा आलेल्याला ते नावाने हाक मारत नसत, महिनाभर ‘तो उशिरावाला’ म्हणत. हेडफोन दिसला की उचलून खिशात टाकत. मला चेंडू झेलता येत नाही हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं आणि हातात मोजणीचं यंत्र दिलं, अंगठ्याने दाबायचं, टिक-टिक करणारं.

“तुले खेळता येत नाई. मोजता येते का?”

“येतं सर.”

“पाहू.”

त्या हंगामातल्या कितीतरी गोष्टी अजून अंगावर आहेत. सामन्याआधी टँकरने मैदानावर पाणी मारलं की तापलेल्या खडीतून येणारा वास. ॲल्युमिनियमच्या बॅटचा टणकार, जो कानाआधी दातांना कळतो. ग्लव्हला चोळलेलं खोबरेल. आणि दुपार कलल्यावरची असरची अजान झाली की मध्येच थांबणारा खेळ. नमाज पढणारी मुलं ग्लव्ह काढून आपापल्या जागेवर ठेवून जात. आम्ही उरलेले कडेला पाणी पीत बसायचो आणि मैदानात माणसांच्या जागी नुसते ग्लव्ह पडलेले असायचे, तळवे वर करून. पंधरा मिनिटांनी मुलं परत येत, प्रत्येकजण आपल्याच ग्लव्हपाशी. तेवढ्या वेळात सर एकटेच उंचवट्यापाशी जाऊन पायाने माती सारखी करत.

सरांची एक पद्धत होती. प्रत्येक डाव संपला की ते मैदानाच्या त्या टोकाहून मोठ्याने विचारत, “किती झाले?” आणि मला या टोकाहून तितक्याच मोठ्याने आकडा ओरडावा लागे. समोरच्या संघाला ऐकू गेलं पाहिजे, बसलेल्या लोकांना ऐकू गेलं पाहिजे. इतर संघांत हा आकडा प्रशिक्षकाच्या कानात सांगतात. मी एकदा म्हणालो, सर, समोरच्यांना कळतं ना आपला पिचर दमलाय ते.

“कळू दे. लपवलेला आकडा वाढत जाते बावा.”

पहिल्याच महिन्यात मी चूक केली. आपल्याकडचा कुणीही करील अशी. फलंदाजाने मारलेला चेंडू रेषेबाहेर गेला तर तो फाऊल. माझ्या डोक्यात क्रिकेट. नो बॉल ओव्हरमध्ये धरत नाहीत, वाईड धरत नाहीत, मग फाऊल कशाला धरायचा? मी फाऊलला अंगठा दाबतच नव्हतो. सरांनी तिसऱ्या डावात ओळखलं.

“फाऊल कायले सोडला बे?”

“सर, नो बॉलसारखाच ना तो? मोजत नाहीत.”

सर चालत आले. माझं कोपर दोन बोटांत धरलं आणि हळूच दाबलं, आतल्या बाजूला, जिथे झिणझिणतं.

“याले माहीत हाय का, कोणता चेंडू मोजला अन् कोणता नाई मोजला ते?”

बस. पुन्हा त्यांना सांगावं लागलं नाही. फाऊल मोजायचा असतो हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. पुढे नऊ महिने मी स्वतःला सांगत राहिलो की घाईत विसरलो. मी विसरलो नव्हतो.

मागच्या फेब्रुवारीतला तो शनिवार. अंतिम सामना, आणि योगायोगाने आपल्या मराठी मंडळींची सहलही त्याच मैदानाच्या कडेला. पन्नासेक घरं. सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, थर्मास, डब्यांतले पोहे, इंग्रजीत भांडणारी मुलं आणि त्यांना मराठीत दटावणाऱ्या आया. उंचवट्यावर ओवेस. ओवेस माझा मित्र, शाळेपासूनचा. कोकणातल्या म्हसळ्याचं घराणं, वडील हनीफचाचा इथल्या बत्हा बाजारात बॅगा आणि ब्लँकेटांचं दुकान चालवतात. त्या दिवशी दुकान भावावर टाकून आले होते. ओवेस असा टाकत होता की समोरच्यांना चेंडू दिसत होता पण सापडत नव्हता. कडेला प्रत्येक चेंडूला गलका. आपल्या माणसांना बेसबॉल कळत नव्हता, पण आपला पोरगा जिंकतोय एवढं कळत होतं.

पाचव्या डावात माझ्या लक्षात आलं की फाऊल फार जात आहेत. याच गतीने आकडा चढला तर आठवा डाव संपता संपता ओवेस बाहेर जाणार आणि आमच्याकडे दुसरा धड पिचर नव्हता. मी अंगठा उचलून धरला. एक फाऊल गेला. दाबला नाही. मनात म्हणालो, हा एकच.

आठवा डाव संपला.

“किती झाले?”

“शहात्तर!” मी ओरडलो. खरे एक्याण्णव झाले होते.

सरांनी लगेच वळायला हवं होतं. ते वळले नाहीत. मैदानाच्या त्या टोकाहून माझ्याकडे बघत राहिले. मधल्या हवेत धूळ होती, ऊन तिरकं झालं होतं, मला त्यांचे डोळे दिसत नव्हते, फक्त टोपी. मी यंत्र वर करून दाखवलं. मागून हनीफचाचा ओरडले, “राहू दे त्याला सर! एकच डाव राहिलाय!” आणि मग सगळेच, “राहू दे! राहू दे!”

ओवेस उंचवट्यावर गेला.

दोन आऊट झाले. तिसरा झाला की सामना संपणार होता. तिसरा फलंदाज चिवट निघाला. फाऊल, फाऊल, पुन्हा फाऊल. माझा अंगठा यंत्रावर नुसता टेकलेला, घामाने सरकणारा. डोक्यात मात्र खरा आकडा आपोआप चालू होता. एकशे तीन. एकशे चार. ओवेस दोन चेंडूंच्या मध्ये हात झटकू लागला. सरांनी डाव संपायची वाट न पाहता पुन्हा विचारलं. आवाज वेगळा होता.

“किती झाले?”

“चौऱ्याऐंशी!”

मी तेव्हा खरं ओरडू शकत होतो. एका श्वासाचं काम. एवढं सोपं काम आयुष्यात मला पुन्हा कुणी दिलं नाही.

एकशे सातव्या चेंडूला आवाज झाला. बॅटचा नव्हता. वाळलेली काडी मोडावी तसा, बारीक. ओवेस गुडघ्यावर बसला आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू असल्यासारखा. सर धावले. माझा अंगठा त्या शेवटच्या चेंडूला दाबला गेला होता. यंत्रावर पंच्याऐंशी.

सामना आम्ही जिंकलो. बदली आलेल्या मुलाच्या पहिल्याच चेंडूवर झेल उडाला. कप कॉलेजच्या दर्शनी कपाटात आहे, काचेआड, रोज पुसला जातो. त्या संध्याकाळी सर इस्पितळाकडे निघताना मी मोजणीचा कागद पुढे केला आणि त्यांनी गाडीच्या टपावर ठेवून सही केली. पंच्याऐंशीच्या खाली.

ओवेसच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. लिहिता येतं, चहाचा कप उचलता येतो. चेंडू टाकता येणार नाही. हनीफचाचांनी तक्रार केली: प्रशिक्षकाने कपासाठी खोटा आकडा लिहून माझ्या मुलाचा हात घालवला. कॉलेजने सामन्याची चित्रफीत मोजली. एकशे सात. कागदावर पंच्याऐंशी, खाली सरांची सही. चित्रफितीत आवाज नाही, वाऱ्याची फरफर आहे. सरांनी विचारल्याचं आणि मी ओरडल्याचं त्यात काही नाही. समितीने विचारलं तेव्हा सर एवढंच म्हणाले की सही माझी आहे. माझं नाव घेतलं नाही. मी शेवटच्या वर्षाला होतो, निकाल लागायचा होता.

मी नऊ महिने गप्प बसलो. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहितो आहे, मागे-पुढे कारण न जोडता.

सगळं समितीला लिहून देणार असं घरी सांगितलं तेव्हा बाबा, जे इथल्या एका बँकेत संगणकाचं काम पाहतात, वर न बघता म्हणाले, “आपण इथे पाहुणे आहोत. भानगडीत पडू नये.”

“चोवीस वर्षं झाली बाबा. एवढे दिवस पाहुणा कोण राहतो?”

“हेच ते. आजोबा कुणावर अन्याय झाला की पत्रकं काढायचे, तसाच तू.”

आईने मध्येच ताट सरकवलं. “पत्रक नंतर काढ. सरांना तरी भेटलास का?”

नव्हतो भेटलो.

गेल्या शुक्रवारी भेटलो. सर शुक्रवारी बत्हात असतात, जुम्म्यानंतर गर्दी उसळते त्या गल्लीतल्या परोट्याच्या टपरीत. शेअर टॅक्सीवाले जिद्दा-दम्माम ओरडत होते, पैसे पाठवण्याच्या दुकानांपुढे रांगा होत्या. सरांनी खुर्ची पायानेच माझ्याकडे ढकलली. मी सगळं सांगितलं. फाऊल, अंगठा, शहात्तर, चौऱ्याऐंशी. सर परोट्याचे तुकडे करत राहिले.

“मले माहीत होतं,” ते म्हणाले.

“केव्हापासून?”

“आठव्या डावापासून. मी पाहून रायलो होतो ना फाऊल. शहात्तर होऊच शकत नाई, हे समजत होतं मले.”

“मग काढलं का नाहीत त्याला?”

सरांनी हातातला तुकडा ताटात परत ठेवला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसत होतं.

“एकोणीस वर्षं झाले बे. एक कप नाई. तुया आकडा ऐकला अन् वाटलं, चला, याच्यावर भरवसा ठेवू. सोपं होतं ते.” मग बोट पुसत म्हणाले, “तू खोटं बोलला. मी पकडलं नाई. दोन्ही खरं हाय.”

“मी समितीला लिहून देणार आहे.”

“निर्दोष-बिर्दोष लिहू नको मले. नाई मी. पण आकडा मी खोटा लिहिला, हे नाई. मी विचारलं होतं. एवढं लिही.” आणि उठता उठता, “चहा सांग. अन् तोंड असं नको करू, कोणी मेलं नाई.”

तिथून दोन गल्ल्या चालत मी हनीफचाचांच्या दुकानात गेलो. ते खोक्याला चिकटपट्टी मारत होते. मी उभ्याने सांगितलं, कारण बसलो असतो तर सांगता आलं नसतं. पट्टीचा करकर आवाज चालूच राहिला. एक खोका, दुसरा खोका. मग थांबला.

“ओवेसला ठाऊक हाय?”

“त्याला सांगितलं कालच. तो म्हणाला, हात माझा होता, मलाही कळत होतं.”

चाचांनी पट्टीचं टोक दाताने तोडलं. “मी पन वरडत होतो. राहू दे म्हनून. ते पन लिवणार हायस काय?”

“हो चाचा.”

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

“लिव,” ते म्हणाले, आणि तिसरा खोका ओढला. तक्रार मागे घेण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही मागितला नाही. मुलगा त्यांचा आहे.

सोमवारी मी समितीला माझं निवेदन दिलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, तू त्यांचा लाडका विद्यार्थी, तुझा निकालही लागलाय, आता तुला गमावायचं काही नाही. एकट्याच्या सांगण्यावर सही पुसता येत नाही. त्या दुपारी आकडा विचारला गेला आणि दिला गेला, हे ऐकणारं दुसरं कुणी आहे का? चिडून बाहेर आलो. जिन्यात कळलं की प्रश्न बरोबर आहे. नऊ महिने गप्प बसलेल्या माणसाच्या शब्दाची किंमत एवढीच असायला हवी.

ऐकणारे आहेत. पन्नास घरं आहेत. तुम्ही आहात.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. आम्हाला तो खेळ कळत नाही. आम्ही पोहे वाढत होतो. आपण कशाला त्यांच्या कॉलेजच्या कारभारात. उद्या आमच्या कंपनीत कुणी विचारलं तर. हे सगळं मी नऊ महिने स्वतःला सांगितलं आहे, तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत. पण खेळ कळायची गरज नाही. कान असायची गरज आहे. एक माणूस मैदानाच्या त्या टोकाहून एवढ्या मोठ्याने विचारत होता की तुमची मुलं त्याची नक्कल करत होती. ती नक्कल तुम्हाला आठवते. मंडळाच्या पाडव्याला तुम्हीच ती हसत सांगितली आहे.

म्हणून ही मागणी. त्या शनिवारी तुम्ही तिथे असाल तर महिना संपायच्या आत एका कागदावर लिहून द्या. मराठीत लिहा, भाषांतर मी करून घेतो, तपासायला मूळ कागद सोबत राहील. तुम्ही नव्हतात तर हा लेख होते त्यांच्यापर्यंत पोचवा. सर भले माणूस आहेत असं लिहू नका. ते समितीने विचारलेलं नाही. माझ्यावर दया करून माझा आकडा गाळू नका. तुम्हीही “राहू दे” ओरडला असाल तर तेही लिहा, लाजू नका, मी त्या घोळक्यातलाच आहे. ज्याला जेवढं ऐकू आलं तेवढंच: प्रशिक्षकांनी आकडा विचारला. मोजणाऱ्याने शहात्तर सांगितला. मी ऐकला. खाली पूर्ण नाव आणि सही.